रात्रीच्या गळासाठी रीळ आणि अलार्म : माझा अनुभव

नाशिकजवळ गोदावरीच्या काठावरून रात्री शिंगाळ्यासाठी गळ लावताना रॉडच्या टोकाला बांधलेली घंटी वाऱ्यानेही वाजत असे, आणि मोठा मासा आमिष घेऊन निघाला की रॉडच पाण्याकडे ओढला जाई. फ्री-स्पूलची सोय असलेले रीळ हा मला यावरचा खरा उपाय वाटतो: मागची कळ लावल्यावर दोरी हलक्या ताणाने सुटत राहते आणि हँडल फिरवताच आधीच जुळवून ठेवलेला मुख्य ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्याला रीळ करत असलेला अडथळा, लागू होतो. मुख्य ड्रॅग सैल ठेवूनही दोरी सुटते हे खरे. परंतु मासा पळत असताना अंधारात तो नेमका घट्ट करणे फार अवघड असते. हलका ताण मात्र प्रवाहाने दोरी सुटणार नाही, इतकाच ठेवावा.

घंटीच्या जागी मी चाकावरून दोरी जाणारा इलेक्ट्रॉनिक अलार्म बसवला. तो रॉडचे टोक थरथरल्याने नव्हे, तर दोरी सरकल्याने वाजतो, आणि वारा वाढल्यास त्याची संवेदनशीलता कमी करता येते. अलार्म आणि रीळ यांच्यामध्ये दोरीवर लोंबते वजनही हवेच, कारण मासा काठाकडे आला तर दोरी सैल पडून ते वजन खाली उतरते. त्याला अंधारात चमकणारी छोटी कांडी लावल्यास ही हालचाल स्पष्ट दिसते.