पैठणीचा पदर फ्रेम करताना मी खाल्लेली माती

भरतकाम आणि पैठणीचे पदर फ्रेम करायला शिकायचंय असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून लिहितेय. फ्रेमची पट्टी ४५ अंशात कापणं, कोपरे जुळवणं तुम्हाला येतं असं धरून चालते.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे एका काकूंच्या आजेसासूबाईंचा येवल्याचा पदर, बांगडी मोराचा. मी काय केलं, तर फोटोसारखा बोर्डावर ठेवला, वर थेट काच आणि मागून पॅक. दिसला झकास. श्रावणात त्यांचा फोन आला, "अगं, मोरावर काहीतरी पांढरं आलंय." उघडलं तर बुरशी, आणि एका ठिकाणी रेशीम काचेला चिकटलेलं.

आता हे नीट वाचा. आपल्या नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट, ती फ्रेमच्या आत असतेच. रात्री काच गार पडली की त्या हवेतलं पाणी काचेच्या आतल्या बाजूला धरतं, कापड टेकलेलं असेल तर ते पाणी टिपकागदासारखं ओढून घेतं. मग बुरशी, रंग उतरणं, सगळंच. म्हणून काच आणि कापडात फट हवीच! माउंटच्या, म्हणजे काचेखाली कडेने असते त्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, एका थराची फट फार बारीक, जरीला किंवा फुगीर टाक्यांना तर ती पुरतच नाही. काचेखाली कडेने स्पेसरची पट्टी लावा, मी ६ मिमीची लावते. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका, मागे खालच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते.

दुसरं, गोंद आणि डबल टेप नाही म्हणजे नाही. मी ज्यांच्याकडे शिकले ते काका म्हणायचे "लाव गं, कोण मागून बघतंय". हात सोन्याचा होता त्यांचा, पण हा सल्ला भंगार. ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) बोर्डावर खळ धुऊन काढलेलं मांजरपाट ताणा, पदर त्यावर बारीक रेशमी धाग्याने शिवा, मधून सुरुवात करून कडेकडे. वेळ जातो, जाऊ दे. सुरुवातीला दोन-चार दिवस एकाच पदरात गेले तरी घाबरू नका, माझे आठ गेले होते.

काकूंचा पदर नंतर असाच शिवून दिला, पैसे घेतले नाहीत. एका मोराच्या पंखावर दोन राखाडी ठिपके राहिलेच. काकूंनी चहा केला होता, तो काही घशाखाली उतरेना.