प्रोसेसर बदलावा की ग्राफिक्स कार्ड?

गेम खेळण्यासाठी संगणक सुधारायचा असेल आणि पैसे एकाच भागापुरते असतील, तर आधी सध्याच्या संगणकात नेमके काय कमी पडते आहे हे तपासावे. व्ही-सिंक (फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे, मॉनिटरच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) व फ्रेम-मर्यादा (दर सेकंदाच्या फ्रेमवरची कमाल मर्यादा) बंद करून नेहमीचा गेम चालवावा; ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर राहिला, तर कार्डच अपुरे आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि रिझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची संख्या) १४४०पीवरून १०८०पीवर आणूनही फ्रेम वाढत नसतील, तर अडसर बहुधा प्रोसेसरचा असतो; त्याचा एकूण वापर ४० टक्केच दिसला म्हणून फसू नये, कारण गेमचा मुख्य भार अनेकदा प्रोसेसरच्या अनेक कोअरपैकी (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांपैकी) एक-दोन कोअरवरच पडतो. २४० हर्ट्झच्या (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर ‘व्हॅलोरंट’ हा नेमबाजीचा गेम खेळणाऱ्याने प्रोसेसरला झुकते माप द्यावे. ४के या खूप जास्त रिझोल्यूशनवर खेळणाऱ्याने मात्र कार्डच घ्यावे, आणि पॉवर सप्लाय त्याला पुरेल का, हे दुकानात जाण्यापूर्वीच पाहावे.