महालिया जॅक्सन यांचा गॉस्पेल अल्बम कसा ऐकावा

गॉस्पेल हे मुळात चर्चमधले गाणे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायिका एक ओळ म्हणते, समोरचे लोक टाळ्यांनी आणि हाकाऱ्यांनी तिला साथ देतात आणि ती साथ कितपत चढली आहे हे पाहून गायिका तीच ओळ पुन्हा घोळवायची की पुढे जायचे ते ठरवते. स्टुडिओत ही मंडळी नसतात. म्हणून असा अल्बम ऐकताना एकच प्रश्न मनाशी धरावा: इथे गायिकेला उत्तर कोण देत आहे?

सुरुवात 'द वर्ल्ड्स ग्रेटेस्ट गॉस्पेल सिंगर' या अल्बमने करावी. न्यू ऑर्लिन्समध्ये 1911 साली जन्मलेल्या आणि पुढे शिकागोत स्थायिक झालेल्या महालिया जॅक्सन यांनी 1954 साली कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केल्यानंतरचा हा त्यांचा पहिला अल्बम आहे. पियानोवर मिल्ड्रेड फॉल्स आणि ऑर्गनवर राल्फ जोन्स असा साथीचा मेळ अगदी लहान असल्यामुळे कोण काय वाजवत आहे हे नवख्या कानालाही कळते. कोलंबियाने पुढे त्यांच्यामागे व्हायोलिनांचा मोठा ताफा उभा केला. ती ध्वनिमुद्रणे गोड असली, तरी माझ्या मते त्यांत हे उत्तर देणेच बुजून जाते, म्हणून ती नंतर ऐकावीत.

ऐकण्याआधी मराठी बायबलमधील दोन उतारे वाचून ठेवावेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 4 थ्या अध्यायात विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट आहे आणि लूकच्या 9 व्या अध्यायाच्या शेवटी नांगराला हात घालून मागे न पाहण्याविषयीचे वचन आहे. या दोन्ही प्रसंगांवरची गीते अल्बममध्ये आहेत, आणि गोष्ट ठाऊक असली की इंग्रजी शब्द निसटले तरी गाण्याचा धागा सुटत नाही.

पहिल्यांदा ऐकताना आवाजाकडे थोडे दुर्लक्ष करून फक्त पियानोकडे लक्ष द्यावे. ओळ संपून गायिका श्वास घेते, तेवढ्या फटीत फॉल्स यांचे काही स्वर येऊन जातात; ही जागा एरवी जमावाची असते. दुसऱ्यांदा ठेका धरावा. आपला हात सवयीने समेवर पडतो, इथे मात्र चार मोजून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायची असते. टेबलावर बोटांनी करून पाहिल्यास आरंभी हात हमखास चुकतो, पण दोन-तीन गीतांनंतर तो बसतो. संथ गीतांत प्रत्येक मात्रेचे आतल्या आत तीन भाग पडतात, त्यामुळे गाणे सावकाश असूनही झुलत राहते.

तिसऱ्यांदा फक्त गायिका ऐकावी. जॅक्सन यांना लिखित स्वरलिपी वाचता येत नव्हती. शब्द ताणणे, मधेच तोडणे, एका अक्षरावर आवाज खरखरीत करून पुढच्याच अक्षरावर तो मऊ करणे, हे सारे त्या कानाने आणि अंगभूत समजेने करीत.

याच अल्बममधील 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' हे गीत त्यांनी पूर्वी, 1947 साली, अपोलो कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले होते. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे ते दोन बाजूंवर विभागावे लागले आणि गाण्याचा पुढचा भाग ऐकण्यासाठी तबकडी उलटावी लागे. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात आणि जुन्या ध्वनिमुद्रणात ओळी पुन्हा पुन्हा म्हणत गाणे कसे चढवत नेले आहे, ते पाहावे.

शेवटी 1958 च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवावरील 'जॅझ ऑन अ समर्स डे' या माहितीपटातील त्यांचे गाणे पाहावे. नोहाच्या जलप्रलयावरचे 'डिडन्ट इट रेन' त्यात आहे आणि अल्बममध्येही आहे. पडद्यावर श्रोते कुठे टाळ्या धरतात आणि कुठे ओरडतात, ती ठिकाणे लक्षात ठेवून अल्बम पुन्हा लावावा आणि नेमक्या त्याच ठिकाणी मिल्ड्रेड फॉल्स यांचे हात काय करतात, ते ऐकावे.