मुलाचं वय बघून आत्महत्येचा धोका कसा ओळखायचा आणि काय विचारायचं

२०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद एनसीआरबीकडे (देशभरातल्या गुन्ह्यांची, आत्महत्यांची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था) आहे, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. त्यामुळे "आमच्याकडे असं काही नाही" म्हणू नका प्लीज, आधी मुलाचं वय बघा.

प्रायमरीतलं मूल डिप्रेशन वगैरे शब्द वापरत नाही, त्याचं पोट दुखतं, शाळेत जायच्या वेळी रडतं, सारखं चिडतं. घरात मारहाण, कोणी नको तिथे हात लावतंय, आई किंवा बाबा गेलेत, हे बघा. "मी नसतो तर बरं झालं असतं" म्हणालं तर लहान आहे म्हणून सोडू नका.

सहावी ते नववी म्हणजे चिडवणं आणि मोबाईल. ग्रुपवर फोटो फिरला की आपल्याला किरकोळ वाटतं, त्याला उद्या वर्गात तोंड दाखवायचं असतं.

दहावी-बारावीला सगळंच एकदम येतं, निकाल, नीट-जेईई, ब्रेकअप, आपल्याला मुलगा आवडतो की मुलगी याची भीती, कधी दारू. त्यात मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, म्हणून मनात आलं आणि केलं यात वेळच कमी असतो. निकालाच्या दिवसांत एकटं सोडू नका, घरातली गोळ्या-औषधं, शेतीची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, पुरवणी परीक्षा असते हे निकालाआधीच बोला आणि मामा-काकांना मार्क सांगायचे फोन तुम्ही घ्या, पोराच्या हातात देऊ नका.

पुढे हॉस्टेल, एमपीएससी, "यंदा तरी होईल ना?" आणि फोनवर "सगळं ठीक". बायपोलर, स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजार बऱ्याचदा याच वयात सुरू होतात. आधी कधी आत्महत्येचा प्रयत्न केला असेल तर कुठल्याही वयात धोका सगळ्यात मोठा.

शंका आली की सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाला तर "आमचा विचार केलास का" अजिबात नको, शपथा नकोत, जवळ बसा, ऐका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. लगेचचा धोका वाटला तर ११२ किंवा सरळ हॉस्पिटल. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली आहे असंच धरतात, शिक्षा नाही. आणि डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, तेव्हा बरा दिसतोय म्हणून फॉलोअप चुकवू नका.