फरशी सगळ्यात शेवटी

सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घराचं काम आम्ही उलट्या टोकानं सुरू केलं. दुकानात दोन बाय चारच्या चकचकीत टाइल्स दिसल्या, सवलत चालू होती, उचलून आणल्या. दिवाळीआधी बैठकीत बसवूनही झाल्या. फेब्रुवारीत मोरीचा जुना लोखंडी पाइप कुजलेला निघाला आणि तो नेमका बैठकीखालून रस्त्याकडं गेलेला. गवंडी अण्णा म्हणाला, "मावशी, फोडायलाच लागतंय बगा." सहा टाइल्स फोडल्या. नवीन आणायला गेले तर तीच छटा मिळेना. बैठकीत भिंतीपासून जरा विचित्र अंतरावर सतरंजी अंथरलेली असते, ती त्यासाठी.

म्हणून आधी क्रम सांगते. गच्ची, मग नळ आणि मोरी, मग वायरिंग, मग गिलावा, मग फरशी आणि रंग. टाइल्स घेताना मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या, सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघा आणि एक खोकं माळ्यावर ठेवून द्या. मुळात आहे ती फरशी काढायची का, हेही विचारा. आमची जुनी शहाबादी होती. नुसतं पॉलिश करून सांधे भरले असते तरी भागलं असतं, आणि मे महिन्यात दुपारी त्यावर अंग टाकलं की कसं वाटायचं ते सोलापूरकरांना सांगायला नको. आम्ही ती राडारोड्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये भरून दिली.

आमचं पुढचं अर्धं घर माळवदाचं आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर, मागचं स्लॅबचं. पूर्वी दरवर्षी मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकायचे, त्यामुळे थरावर थर चढून वजन भयंकर वाढलेलं. एका कंत्राटदारानं सुचवलं की वरून चार इंच काँक्रीट ओतू, गळती बंद. हे कधीही करू नका. खाली त्याच जुन्या तुळया आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंती असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं दबली ती अशाच भिंती आणि अशाच जड माळवदांखाली. तो हादरा इथं आम्हीही अनुभवला आहे. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यानं जुन्या मातीचे थर उतरवायला लावले, दोन तुळया बदलायला सांगितल्या आणि मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा आमच्या यांचा बेत एका वाक्यात मोडीत काढला. ती भिंत छप्पर पेलत होती. त्याची फी द्यायच्या दिवशी हे कुरकुरले, नंतर नाही.

अशा दगडमातीच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करण्याची चूकही घरोघर दिसते. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, खार फुटतो, दोन पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा सुटतो. तिथं चुन्याचाच गिलावा हवा. करणारा गवंडी शोधावा लागतो, पण मिळतो.

आता पाणी. पुण्यामुंबईच्या लोकांचे सल्ले इथं कामाला येत नाहीत, कारण त्यांच्या नळाला रोज पाणी येतं. आपल्याकडं, आमचं काम चाललं होतं तेव्हा, चार-पाच दिवसांआड यायचं. तेव्हा बाथरूमची टाइल निवडण्याआधी हौदाचा हिशोब करा. माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. पाच माणसांचे 675, पाच दिवसांचे 3,375 लिटर. पाच फूट लांब, पाच रुंद, पाच खोल हौदात साधारण साडेतीन हजार लिटर मावतं, म्हणजे जेमतेम भागतं. वरच्या टाकीचं वजन विसरू नका. हजार लिटर म्हणजे एक टन. ती भिंतीच्या किंवा कॉलमच्या डोक्यावर बसवा, स्लॅबच्या मध्यावर नको, माळवदावर तर अजिबात नको.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर, केला की पन्हाळीची तोंडं बंद करून दोन इंच पाणी उभं करायचं आणि तीन दिवस खालून छत बघायचं. पाचशे चौरस फूट गच्चीला त्यात जवळजवळ 2,350 लिटर लागतं. हे पाणी येणार कुठून? आम्ही नळाच्या दिवसाची वाट बघून हौद भरून घेतला, मगच पाणी चढवलं. तीन दिवसांनी तेच पाणी पन्हाळीतून पिंपात धरून मागच्या खोलीच्या गिलाव्यावर मारलं. ही चाचणी स्लॅबवरच करायची.

गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, काँक्रीटला दहा-चौदा. एप्रिलमध्ये, पारा बेचाळीसवर, सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडून जातं आणि गिलाव्याला जाळीसारख्या भेगा पडतात. म्हणून असली कामं दिवाळीनंतर काढा, मार्चच्या आत उरका. फक्त संक्रांतीच्या गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, दिवस हिशोबात धरू नका. कामगार येत नाहीत आणि खरं तर आपलंही लक्ष नसतं. उन्हात काम आलंच तर ओलं बारदान गुंडाळून ठेवा.

भिंतीतले पाइप बुजवण्याआधी तोंडं बंद करून पंपानं दाब द्या आणि एक दिवस काटा हलतो का बघा. मग भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढं खिळा ठोकताना ते फोटो सोन्याचे वाटतात. बाथरूमचा उतार बघायला तांब्याभर पाणी कोपऱ्यात ओता. ते आपल्या पायानं जाळीपर्यंत गेलं पाहिजे, झाडूनं ढकलावं लागलं तर फरशी उचलायला सांगा, तिथल्या तिथं.

वायरिंगचं थोडक्यात. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, साध्या प्लगला अडीचची, गिझर आणि एसीला चारची, आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. कूलर खिडकीबाहेर कुठं बसणार ते आधी ठरवा, तिथं प्लग आणि पाण्याची तोटी दोन्ही द्या. नाहीतर सगळा उन्हाळा बादल्या उचला.

पैशाचं म्हणाल तर उक्तं काम देताना काय धरलं आहे ते कागदावर लिहून घ्या: राडा कोण उचलणार, पाणी कोण मारणार, पराती-पहार कुणाची. वाळू आली की ट्रॉली टेपनं मोजा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, त्याहून कमी भरली तर तेवढेच पैसे. आणि दहा टक्के रक्कम पहिल्या पावसापर्यंत हातात ठेवा, हे सुरुवातीलाच सांगून.

अण्णाचे मी ठेवले होते. जूनमध्ये पहिला दणका पाऊस झाला तशी स्वारी भिजत हजर. गच्चीवर दोघं छत्री धरून पन्हाळ बघत उभे राहिलो, मग खाली येऊन छत बघितलं. कोरडं. पैसे मोजून खिशात घातले, चहा घेतला आणि निघताना बैठकीत थांबून म्हणाला, "मावशी, आता ती सतरंजी धुवायला काढा की ओ."