फॉरमॅट मारण्याआधी: दुकानातला कॉम्प्युटर हँग होत असेल तर

इचलकरंजीत आणि आसपासच्या गावांत दुकानांतले, यंत्रमागाच्या कारखान्यांतले कॉम्प्युटर मी दुरुस्त करतो. जीएसटीचं रिटर्न भरायची ११ किंवा २० तारीख जवळ आली की फोन वाढतात, आणि बोलणं बहुतेक एकच असतं: "टॅली उघडायला फार वेळ लागतो, मध्येच सगळं थांबतं. येऊन फॉरमॅट मारून द्या." माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, फॉरमॅटचं नाव सगळ्यात शेवटी काढा. डिस्क खराब झाली असेल तर फॉरमॅटने ती बरी होत नाही, हिशेब मात्र जातो.

मशीन चालू होतंय तोवर आधी बॅकअप घ्या. टॅलीप्राइममध्ये आल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डेस्कटॉपवर पडलेल्या एक्सेल फायली, बिलांच्या पीडीएफ, डाउनलोड केलेली चलनंही त्यात टाका. काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. लावूनच ठेवली आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं, तर मूळ डेटाबरोबर बॅकअपही कुलूपबंद होतो. शक्य असेल तर दुसऱ्या मशीनवर तो बॅकअप उघडून बघा.

मग एकदा रिस्टार्ट करा. "आम्ही रोज रात्री बंद करतोच की" असं मालक म्हणतात. पण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

पुढच्या वेळी पडदा गोठला की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा उशिरा का होईना लागला किंवा विझला, तर मशीन जिवंत आहे, डिस्कची किंवा रॅमची (चालू कामाच्या मेमरीची) वाट बघतंय. दिवा हललाच नाही तर रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किंवा उष्णता यांच्यावर संशय घ्या. हा अंदाजच आहे, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी, डिस्क हे तीन रकाने बघा. छोट्या दुकानांत मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते हे: डिस्क १०० टक्के आणि वेग जेमतेम १-२ एमबी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारा हात फिरत्या तबकडीवर इकडून तिकडे धावतो. एक मोठी फाइल सलग वाचताना ती सेकंदाला १०० ते १५० एमबी देते, पण विखुरलेल्या बारीक फायली वाचताना दम तोडते. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी नवी डिस्क, तिच्यात फिरणारा भागच नाही. जुन्या हार्ड डिस्कच्याच वायरवर चालणारी साधी साटा एसएसडीही सलग वाचताना ५०० एमबीच्या आसपास जाते. एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर एसएसडीवर घाला.

त्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. निळं दिसलं तर ठीक. पिवळं किंवा लाल दिसलं, तर बॅकअप पुन्हा तपासा आणि डिस्क बदला. बॅकअपशिवाय अशा डिस्कवर पूर्ण चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका. ते अख्खी डिस्क वाचून काढतं, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते.

मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅम अपुरी आहे. ४ जीबीवर टॅली, क्रोम आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब एकत्र चालवलं की विंडोज उरलेलं ओझं डिस्कवर टाकतं. ८ जीबी करा. डीडीआर३ आणि डीडीआर४ हे रॅमचे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात न्या. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा.

आमच्याकडचा खास शत्रू म्हणजे कापसाचे तंतू. कारखान्यातल्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) त्यांची गादीच बसते, हवा अडते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वायर काढा, ब्लोअर मारा, पण पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो सुसाट फिरून बिघडतो. रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसा. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला.

टॅली फक्त दुसऱ्या टेबलावर हळू आणि डेटा असलेल्या मुख्य मशीनवर झकास चालत असेल, तर मशीनला हात लावू नका. वायफाय सोडून लॅनची वायर ओढा.

विंडोज १० ला मिळणारा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणून नवी रॅम घेण्याआधी प्रोसेसरची पिढी बघा. जुनी असेल तर फक्त एसएसडी घाला. मशीन बदललं तरी ती काढून नव्यात लावता येते.