टोकन देण्याआधी एजंटकडून काय मागायचं
नव्या प्रकल्पातला फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटला आधी त्याचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक विचारा. तो 'ए'ने सुरू होतो. 'पी'ने सुरू होणारा क्रमांक प्रकल्पाचा. काही जण ब्रोशरवरचा तोच पुढे करतात. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणीची मुदत बघा. बुकिंगच्या वेळी प्रकल्पाची माहिती आणि कागदपत्रं मिळवून देणं हे रेरा कायद्याच्या कलम 10 नुसार एजंटचं कामच आहे, मेहरबानी नव्हे. मंजूर नकाशा, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा परवाना), कार्पेट एरिया (घरातलं प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ) तिथेच मागा. 'टोकन द्या, कागद मागाहून' म्हणाला तर चेकबुक काढू नका. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर फ्लॅटच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. दलाली किती, कधी द्यायची आणि तो बिल्डरकडूनही घेतोय का, हे निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.